खोबरं चालेल का? पहिल्यांदा परदेशी विमानप्रवास करणाऱ्यांसाठी सामानाची गाइड

पोरं तिकडे सेटल झालीयेत, आईबाबा पहिल्यांदाच सहा महिने राहायला निघालेत, हॉलमध्ये दोन बॅगा आ वासून पडल्यात आणि फॅमिली ग्रुपवर प्रश्न सुरू, की लोणचं नेता येतं का, कुकर कुठल्या बॅगेत टाकायचा, तूप किती चालतं. मग मावशी एक सांगते, काका दुसरंच सांगतात, शेजारच्या जोशीकाकू म्हणतात आम्ही तर सगळं नेलं बाई, कुणी विचारलंसुद्धा नाही. गंमत म्हणजे यातले बरेच जण आपापल्या जागी बरोबर असतात.

घोळ कुठे होतो सांगते. सामानाचे नियम एक माणूस लावत नाही, तीन जण लावतात. एअरलाइन बघते वजन आणि बॅगा किती. सिक्युरिटीवाले बघतात विमानात धोका कशाचा. आणि तिकडे उतरल्यावर त्या देशाचे कस्टम्सवाले बघतात की आमच्या देशात हे आत येऊ द्यायचं का. त्यामुळे "अमुक चालतं का" हा प्रश्न तीनदा विचारायचा, तिन्हीकडे हो आलं तरच ती वस्तू बॅगेत. खाली सगळं याच क्रमाने लिहितेय, म्हणजे भरताना एकेक टप्पा बघत जाता येईल.

आधी तिकीट उघडा, बॅग नंतर

तिकिटावर बॅगेजसमोर दोनपैकी एका पद्धतीने लिहिलेलं असतं. "२ पीसी" असं असेल तर दोन नग, आणि अमेरिकेच्या इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक एअरलाइन्सचा नग म्हणजे २३ किलोपर्यंतची एक बॅग. "३० के" वगैरे असेल तर एकूण वजन ३० किलो, आखाती देशांच्या तिकिटांवर हे जास्त दिसतं. फरक छोटा वाटतो पण काउंटरवर रडवतो. नगाच्या पद्धतीत एक बॅग २६ आणि दुसरी २० भरली तर एकूण ४६ च होतात, तरी २६ वाली बॅग जास्त वजनाची धरतात आणि पैसे लागतात किंवा तिथेच बॅग उघडून चार पाकिटं इकडची तिकडे करावी लागतात. नवरा-बायकोचं मिळून पण धरत नाहीत, प्रत्येक बॅगेचं वजन वेगळं. एकूण वजनाच्या पद्धतीत मात्र एकाच बुकिंगवरच्या दोघांचं वजन सहसा एकत्र धरतात, तिथे थोडी मोकळीक आहे.

नगाला मापाचीही मर्यादा असते, लांबी अधिक रुंदी अधिक उंची मिळून १५८ सेंटिमीटर, चाकं आणि हँडल धरून. बाजारात "लार्ज" म्हणून मिळणाऱ्या काही बॅगा याच्या वर जातात, त्यामुळे नवीन घेताना टेप घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे. आणि कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर नको, पैसे भरायची तयारी असली तरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाची पाठ.

आता नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा ठिकाणाहून निघणाऱ्यांनी हे नीट वाचा. मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचं विमान आणि पुढचं परदेशाचं विमान एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल तर साधारणपणे परदेशाच्या तिकिटाचंच वजन पहिल्यापासून लागू होतं आणि बॅगाही थेट पुढे जातात. पण स्वस्त पडतं म्हणून देशातलं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्यावर बहुतेक १५ किलोच मिळतात, तेही कित्येकदा एकाच बॅगेत. म्हणजे ४६ किलो घेऊन तुम्ही काउंटरवर उभे आणि तिकीट १५ चं, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे, ते पण काउंटरच्या रेटने. जादा वजन ऑनलाइन आधी घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं, म्हणून वेगळं तिकीट काढतानाच हा हिशोब करून टाका, कधीकधी वंदे भारत किंवा रात्रीची स्लीपर बसच परवडते.

अजून एक, विमानतळ कुठला ते बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतायत. तिकिटावर बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. वेगळं तिकीट काढलेलं विमान नवी मुंबईला उतरलं आणि पुढचं मुंबईच्या टर्मिनल टू वरून असेल तर मधे बॅगांसकट टॅक्सी आहे आणि ट्रॅफिक आहे. गोव्यातही तेच, दाबोळी आणि मोपा, दोन वेगळी टोकं.

हातातली बॅग

इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला बऱ्याच एअरलाइन्सची मर्यादा ७ किलो, काहींची ८ किंवा जास्त, शिवाय छोटी पर्स किंवा लॅपटॉपची बॅग. माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आसपास. कोणी वजन करत नाही हो, असं सांगणारे भेटतील, करत नाहीत तेव्हा करत नाहीत आणि करतात तेव्हा सगळ्या लाइनसमोर करतात.

या बॅगेत काय पाहिजेच ते आधी ठरवा: पासपोर्ट, तिकडचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला, सगळी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चष्मा, दागिने असतील तर ते, घराच्या किल्ल्या, आणि एक बदलायचा कपड्यांचा जोड. औषधं चेक-इनमध्ये, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या बॅगेत, टाकू नका हे ठळक अक्षरात समजा. बॅग एक दिवस उशिरा आली तर साडी दुसरी मिळेल, बीपीची गोळी अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी इन्सुलिन हातातच ठेवायचं, चेक-इनची बॅग जिथे असते तिथे ते गोठून खराब होऊ शकतं. पातळ औषधांना १०० मिलीची अट अमेरिकेत लागू नाही, फक्त चेकिंगला बाहेर काढून दाखवा.

बाकी पातळ वस्तूंना आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीची अट आहे. बाटलीच १०० मिली किंवा कमीची पाहिजे, २०० च्या बाटलीत थोडंसं तेल उरलंय हे चालत नाही. अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आणि पातळ म्हणजे फक्त पाणी नाही, तूप, श्रीखंड, आम्रखंड, लोणचं, खोबरेल तेल, टूथपेस्ट, सगळं त्यातच. बेसनाचे लाडू, चिवडा, भाकरवडी, चकली हे घट्ट पदार्थ, हातात नेता येतात.

पूड हा वेगळाच विषय. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २०१८ पासून साधारण ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती राहते इथेच. त्यामुळे भाजणी, मेतकूट, मालवणी मसाला, तिखट, सगळं गपचूप चेक-इनच्या बॅगेत. तिखट तर तसंही हातात नकोच.

सिक्युरिटीवाल्यांचं: पॉवर बँक, खोबरं, कापूर

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये दिसली तर तुम्हाला नावाने बोलावून बॅग उघडायला लावतात, नाहीतर बॅगच मागे राहते. कारण सरळ आहे, लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये माणसं आहेत विझवायला, विमानाच्या पोटात कोणी नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एक विमान उडायच्या आधीच पेटलं, आग वर सामान ठेवायच्या कप्प्यात लागली होती आणि संशय पॉवर बँकवर गेला. त्यानंतर अनेक एअरलाइन्स कडक झाल्या, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, जवळ ठेवता येते पण चार्जिंग नाही.

किती मोठी चालते? १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनला विचारायचं, त्यावर बंदच. आता पाठीवर लिहिलेलं असतं एमएएच, तर हिशोब असा, एमएएच गुणिले ३.७ भागिले हजार. २०,००० ची असेल तर ७४ वॉट-अवर, बिनधास्त न्या. पण आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवा, अधिकाऱ्याला वाचता आलं नाही की तो काढून ठेवतो. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, विमान भरलेलं असेल तर कधीकधी गेटवर हातातली बॅग पण खाली पाठवतात, तेव्हा पॉवर बँक आठवणीने त्यातून बाहेर काढायची, औषधं पण.

आता खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चालत नाहीत, चेक-इनमध्येसुद्धा नाही. लोकांना हे पटतच नाही, साधं खोबरं त्यात काय एवढं, पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोजतात. एक्स-रेमध्ये त्या गोल वाट्या लगेच दिसतात. तिकडे भारतीय दुकानात किसलेलं खोबरं मिळतं, त्यासाठी वजन घालवू नका.

कापूर पण नाही. देव्हाऱ्याचं सामान भरताना वात, हळदकुंकू, उदबत्ती, ताम्हण, घंटी यांच्याबरोबर कापराची डबी हमखास जाते, आणि काडेपेटी. दोन्ही ज्वालाग्राही, दोन्ही बाहेर. लायटर, गॅस पेटवायचा असो की सिगारेटचा, तो पण नको. पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो राहू द्या, डिजिटल न्या.

विळी, अडकित्ता, सुरी, कात्री, किसणी, पुरणयंत्र हे चेक-इनमध्ये. कुकर पण तिथेच, आणि रिकामा नेऊ नका, त्याच्या पोटात मसाल्याची पाकिटं बसतात. फक्त कुकरचं झाकण लावून घट्ट बंद करू नका, उघडून बघायचं असेल तर पटकन उघडावं.

तिकडच्या कस्टम्सचं

इथे देशागणिक नियम बदलतात, म्हणून अमेरिकेला जाऊन आलेल्याचा सल्ला ऑस्ट्रेलियाला चालत नाही.

अमेरिका: मटण-चिकनचं काहीही नको. ताजी फळं-भाज्या नको, हापूस तर नकोच, कितीही पोरांचा जीव त्यात असला तरी. कढीपत्ता नको, कारण त्याच्या पानांवरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो. तांदूळ नको, कारण खापरा नावाचा किडा, तिथले लोक त्याला फार घाबरतात, म्हणजे आंबेमोहोर आणि इंद्रायणी इथेच. लोणचं, मसाले, चिवडा, लाडू यांना सहसा अडचण येत नाही. सुके बोंबील नियमात बसतात, मासे चालतात, पण त्या वासाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, व्हॅक्यूम पॅक करून घ्या निदान.

सगळ्यात महत्त्वाचं, खायचं आणलंय का विचारलं तर हो म्हणायचं. सांगितलं आणि वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, विषय संपला. लपवलं आणि सापडलं तर दंड. आईबाबांना इंग्रजीची भीती वाटत असेल तर एका कागदावर यादी करून द्या, पिकल, स्पाइसेस, स्नॅक्स, स्वीट्स, आणि तो कागद पुढे करायचा. घरी केलेल्या पदार्थांवर लेबल नसतं, म्हणून प्रत्येक पिशवीवर स्केचपेनने इंग्रजीत नाव लिहा. पांढऱ्या पुडीची बिनलेबलाची पिशवी ही तुम्हाला भाजणी असते, त्यांना काय वाटेल सांगता येत नाही.

इंग्लंडला भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ दोन्ही बंद. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खव्याचं काहीही नाही.

ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक. २०२५ मध्ये मल्याळम अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमाला मेलबर्नला गेल्या, जवळ मोगऱ्याचा गजरा होता, तो आधी सांगितला नव्हता, दंड झाला १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, लाखाच्या वर रुपये. स्वतः त्यांनीच हे सांगितलं. तेव्हा केसात माळलेला गजरा विमानातच काढून टाका आणि फॉर्मवर जे जे आहे ते लिहा.

आखाती देशांसाठी एकच शब्द, खसखस. यूएईमध्ये ती अमली पदार्थात मोडते, सिंगापूरलाही बंदी आहे. आणि आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते आठवा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, कांदा-लसूण मसाल्यात, घरच्या गरम मसाल्यात, डिंकाच्या लाडवात. दिवाळीचा फराळ दुबईला पाठवणाऱ्यांनी अनारसे बाजूला काढायचे आणि मसाला करतानाच खसखस वगळून करायचा. नंतर निवडून काढता येत नाही. दुबईत फक्त विमान बदलणार असाल तरी हा धोका कशाला घ्या.

आणि "जातच आहात तर एवढं आमच्या मुलाला द्या" वाली पार्सलं. नातेवाईक असेल तर त्यांच्यासमोर उघडा, बघा, तुमच्या हाताने भरा. ओळखीच्यांच्या ओळखीचे असतील तर सरळ वजन भरलंय म्हणून सांगा. बॅगेत जे सापडेल ते ज्याच्या नावाची बॅग त्याचं, हे सगळ्या देशांत सारखं.

भरताना

लटकवायचा छोटा वजनकाटा ऑनलाइन तीन-चारशेला मिळतो, तो घ्या, बाथरूमच्या काट्यावर बॅग ठेवून आकडा वाचायची सर्कस नको. रिकामी बॅगच ४ ते ५ किलोची असते हे विसरायचं नाही. २३ ला २२ वर थांबा, विमानतळाचा काटा आणि तुमचा काटा यांत थोडं इकडे तिकडे होतंच.

लोणच्याची काचेची बरणी नेऊ नका. लोणचं जाड पिशवीत भरून सील करा, ती दुसऱ्या पिशवीत, ती डब्यात, डबा पुन्हा पिशवीत, आणि आजूबाजूला जुने टॉवेल. हा थर वेड्यासारखा वाटतो, पण एकदा का मोहरीचं तेल साड्यांत उतरलं की सहा महिने बॅगेला वास. कपडे दोघांचे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे टाका, एक बॅग मागे राहिली तर एकाचे सगळेच कपडे जात नाहीत.

बॅगेवरचे जुने बारकोड स्टिकर सगळे काढा, मशीनने जुना वाचला तर बॅग भलतीकडे जाते. कुलूप टीएसएचं (टीएसए म्हणजे अमेरिकेतले सिक्युरिटीवाले, त्यांच्याकडे याची किल्ली असते) घ्या, अमेरिकेत बॅग उघडून बघतात आणि साधं कुलूप तोडतात. आत वरच एक कागद ठेवा, नाव, तिकडचा पत्ता, फोन, बाहेरचा टॅग तुटला तरी आतला राहतो. निळ्या-काळ्या बॅगा शेकड्याने असतात म्हणून रंगीत पट्टा बांधा, आणि दोन्ही बॅगांचा फोटो काढा, उघडी आणि बंद. दुबईमार्गे असाल तर दोरीने बांधलेलं गाठोडं किंवा गोल बोचकं नको, तिथे सपाट बाजूची बॅग लागते.

विमानतळावर

तीन तास आधी पोचा. काउंटर विमान सुटायच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो आणि त्यानंतर विनवण्या चालत नाहीत. व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटाबरोबर आधीच सांगा, तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि भाषेची अडचण असलेल्या आईबाबांना ती गुडघ्यांपेक्षा वाट दाखवायला जास्त उपयोगी पडते. फक्त हातातली बॅग मग मांडीवर राहील एवढीच ठेवा.

काउंटरवर बॅगेला टॅग लावतात तेव्हा त्यावर शेवटच्या शहराचं तीन अक्षरी नाव वाचा, न्यूअर्कला जात असाल तर ईडब्ल्यूआर पाहिजे. टॅगचं छोटं स्टिकर बोर्डिंग पासला किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवून देतात, ते घरी पोचेपर्यंत टाकू नका. आणि हा प्रश्न तिथेच विचारा, बॅग मधे कुठे उचलायची आहे का? अमेरिकेत पहिल्या शहरात उतरल्यावर बॅगा स्वतः घेऊन कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि मग पुढच्या विमानासाठी परत द्याव्या लागतात, टॅग शेवटच्या शहराचा असला तरी. बरेच आईबाबा इथे चुकतात, टॅगवर डॅलस लिहिलंय म्हणून शिकागोत पट्ट्याकडे बघतच नाहीत.

बॅग आलीच नाही तर

पट्टा थांबला आणि तुमची बॅग नाही, तर हॉलमधून बाहेर पडायच्या आधी तिथल्याच बॅगेज काउंटरवर तक्रार लिहायची. तिला पीआयआर म्हणतात, त्याचा नंबर घ्यायचाच. टॅगचं स्टिकर आणि बॅगेचा फोटो इथे कामाला येतात. बॅग बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन विमानांनी येते आणि घरी आणून देतात. तोपर्यंत लागणारे कपडे, ब्रश वगैरे घेतले तर बिलं ठेवा, ते पैसे मागता येतात.

फुटून किंवा फाटून आली तर ७ दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस होऊनही आली नाही तर हरवली असं धरून भरपाई मागायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी मर्यादा १,५१९ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), साधारण दोन हजार डॉलर, आणि ही कमाल मर्यादा आहे, तेवढे मिळतातच असं नाही, काय काय होतं त्याचा हिशोब द्यावा लागतो. देशातल्या प्रवासात ही मर्यादा २०,००० रुपये, म्हणून देशातल्या विमानात तर किमती काही चेक-इनला देऊच नका. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा, पीआयआर नंबर, टॅग नंबर, फोटो आणि आतल्या सामानाची यादी जोडून, कारण ७ आणि २१ दिवसांच्या आतली तक्रार लेखीच लागते.